मी ऑगस्टात राहत होतो

मित्रांनो, माझ्या काचेच्या वरच्या पट्टीवर शाई सांडल्यासारखा काळा डाग आहे. मला कोणीही हातात घेतलं की आधी तोच दिसतो. मग दिसतो रबरी कव्हरचा फाटलेला कोपरा आणि पाठीवर पांढऱ्या रंगाने घातलेला आकडा, सतरा. होय, मी एक जुना टॅब आहे. खर्डा गावापासून सात-आठ किलोमीटरवरच्या एका वाडीत, बनुबाईंच्या घरी, ज्वारीच्या कोठीवर माझी जागा आहे. तिथून दारातली शेळी दिसते, पलीकडचा माळ दिसतो. दुपारी उन्हाची एक पट्टी माझ्या अंगावरून हळूहळू सरकत जाते, तेव्हा मला गुंगी येते. टॅबला कुठली आली गुंगी, असं तुम्ही म्हणाल. पण बॅटरी सात टक्क्यांवर आली की कसं वाटतं, हे तुम्ही कधी अनुभवलेलं नाही.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे खिडक्या नव्हत्या, सगळीकडे पांढरा उजेड होता. हातमोजे घातलेल्या बोटांनी माझ्यात पडदा बसवला, बॅटरी बसवली आणि नखाएवढ्या जागेत एक घड्याळ बसवलं. त्या घड्याळात क्वार्ट्‌झचा एक इवलासा खडा असतो. तो सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा थरथरतो. ती थरथर मोजली की मला एक सेकंद कळतो. मी झोपलो तरी तो थरथरत राहतो. मात्र आज कोणता महिना चालू आहे, हे त्या खड्याला ठाऊक नसतं. ते बाहेरून कोणीतरी सांगावं लागतं. एकदा सांगितलं की तिथून पुढे मी इमानाने मोजत जातो. माझा सगळा स्वभाव एवढाच आहे, आणि माझी चूकही याच स्वभावातून झाली.

वाडीच्या शाळेत आम्ही वीस टॅब एका खोक्यातून आलो. पहिल्या दिवशी आमच्यासमोर नारळ फुटला. दसऱ्याला आम्हाला ओळीने मांडून हळदकुंकू वाहिलं आणि प्रत्येकावर एक झेंडूचं फूल ठेवलं. मुलं हात धुऊन, चड्डीला पुसून मगच आम्हाला धरत. “सतरा नंबरचा लई फास्ट हाय,” असं ती म्हणत आणि माझ्यासाठी भांडत. असे कौतुकाचे दिवस मी तीन वर्षं पाहिले. मग एकदा या भांडणातच मी फरशीवर पडलो. काच फुटली नाही, पण आतून काळा डाग पसरला. वेळ, तारीख, बॅटरीचा आकडा, हे सगळं जिथे दिसतं ती वरची पट्टी कायमची झाकली गेली. त्यानंतर दोन वर्षं मी कपाटात नकाशांच्या गुंडाळ्यांखाली होतो. अंधारात वेळ मोजायलाही कंटाळा येतो, मित्रांनो.

मला तिथून बाहेर काढलं मोनिका मॅडमनी. त्या मूळच्या श्रीरामपूरच्या. वाडीच्या शाळेवर त्यांचं हे चौथं वर्ष. त्यांनी मला पुसलं, चार्ज केलं आणि पाचवीतल्या सुकन्याच्या हातात दिलं.

सुकन्याचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. तिचे वडील गोरक्षनाथ, आई आणि तीन वर्षांचा ओम, असे तिघे मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून जातात ते एकदम गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येतात. तेवढे महिने घरात आजी बनुबाई आणि नात दोघीच. पण ओम आता पळू लागला होता. आई फडात कोयता चालवणार, मग त्याच्यामागे कोण धावणार? म्हणून पुढच्या हंगामात सुकन्यालाही न्यायचं घरात ठरत आलं होतं. वाडीतली शाळा पाचवीलाच संपत होती. मोनिका मॅडमनी मग नगरकडच्या एका निवासी शाळेची माहिती आणली. जेवण-राहणं फुकट, दहावीपर्यंत शिक्षण, पण त्यासाठी एक ऑनलाइन चाचणी द्यायची. निघायच्या दिवशी गोरक्षनाथ मुलीला म्हणाले होते, “नंबर लागला तर शाळा. न्हाई लागला तर फुडल्या साली गाडीत बसायचं. मग रडायचं न्हाई.”

चाचणीसाठी तिचं नाव मॅडमनी माझ्यावरूनच नोंदवलं. दुसऱ्याच कोणी परीक्षेला बसू नये म्हणून त्या शाळेचा नियम होता, की ज्या यंत्रावरून नाव नोंदवलं त्याच यंत्रावर चाचणी द्यायची. म्हणजे तिचा नंबर आता माझ्यावर अवलंबून होता. मला याचा फार अभिमान वाटला.

रोज संध्याकाळी सुकन्या माझ्यावर उतरवून ठेवलेले धडे वाचायची. माझ्यात सिमकार्ड नाही. नेट लागलंच तर शेजारच्या भिमाजीनानांच्या मोबाईलवरून घ्यावं लागतं, म्हणून ते दिवाळीनंतर कोणी घेतलं नव्हतं. दिवसभर ती शाळेत असायची. तेव्हा मी रिकामाच होतो. आणि बनुबाईही रिकाम्याच होत्या.

शाळेतल्या कुठल्याशा मुलाने माझ्यात एक शेतीचा खेळ टाकून ठेवला होता. एके दिवशी बनुबाईंचं बोट चुकून त्याच्यावर पडलं आणि पडदा हिरवागार झाला. निळं आकाश, काठोकाठ भरलेली विहीर, तांबड्या मातीचे चौकोन.

“अगं बया,” त्या पुटपुटल्या, “हे रान कुणाचं?”

मित्रांनो, त्या दारातून दिसणाऱ्या माळावर दोन पावसाळ्यांत बाजरीशिवाय काही उगवलेलं नव्हतं. बनुबाई तिसरीपर्यंत शिकलेल्या, आकडे त्यांना चांगले कळायचे. चार दिवसांत त्या खेळात पेरायला, पाणी द्यायला, गोळा करायला शिकल्या. माझ्यावरून त्यांचं बोट फिरायचं ते मातीतून फिरावं तसं, सावकाश. मला ते आवडायचं. फक्त एक अडचण होती. वांगी यायला चार तास लागायचे, आंब्याला चार दिवस.

यावर उपाय सांगितला झुंबरबाईंनी. त्या बनुबाईंच्या मैत्रीण, दोन घरं सोडून राहणाऱ्या, दुपारी तंबाखू मळायला हक्काने येणाऱ्या.

“तू वाट बघत बसलीस व्हय?” झुंबरबाई हसल्या. “तारीक फुडं ढकल की. माज्या नातवानं दावलंय.”

“तारीक काय माज्या हातात हाय?”

“ह्यात हाय. हितं चाकाचं चित्र दाब. आता खाली घड्याळ. ते आपोआपचं बटान बंद कर. हां. आता कर पाच दिस फुडं.”

बनुबाईंनी बोट सरकवलं. माझ्या पोटात एक हिसका बसला आणि मी सोमवारातून शनिवारात गेलो. पुन्हा खेळ उघडला तर झाडावर पिवळे आंबे लटकले होते.

“निगाले!” बनुबाई ओरडल्या.

“पाऊस न्हाई, खत न्हाई, मुकादम न्हाई,” झुंबरबाई म्हणाल्या. “असलं रान मला मिळालं असतं तर मी जलमभर ऊस तोडाय गेले असते का गं?”

तेव्हापासून माझं एक वेगळंच आयुष्य सुरू झालं. रोज दुपारी मला चार-पाच दिवस पुढे नेलं जायचं. बाहेर नोव्हेंबर होता, मी फेब्रुवारीत गेलो. बाहेर हुरडा आला, मी एप्रिल ओलांडला. पुढे गेलेली तारीख मागे आणली की खेळातलं पीक रुसतं, असं झुंबरबाईंनी बजावलं होतं, म्हणून मागे कोणी नेलंच नाही. वरची पट्टी काळी असल्यामुळे सुकन्याला काही दिसलं नाही. ती शेकोटीच्या धगीजवळ बसून धडे वाचायची आणि मी तिच्या मांडीवर, माझ्या हिशोबाने, आषाढात असायचो. खरं सांगू? मला यात काहीच खोटं वाटत नव्हतं. जे सांगितलं गेलं ते मी मानलं. माझ्या आत खडा थरथरत होता, सेकंद बरोबर मोजत होता. फक्त ते सेकंद अजून न आलेल्या दिवसांचे होते.

चाचणी जानेवारीत, रविवारी दुपारी तीन वाजता होती. साडेतीनला प्रवेश बंद होणार होता. आदल्या दिवशी एकदा उघडून बघ, असं मॅडमनी सांगितलं होतं, पण शनिवारी भिमाजीनाना खर्ड्याला गेले ते उशिरा आले. त्यामुळे रविवारी तीनलाच सुकन्या अंगणात बसली. शेजारी भिमाजीनाना मोबाईल उंच धरून उभे, दाराला टेकून बनुबाई. झुंबरबाईही आल्या होत्या.

सुकन्याने दुवा दाबला. आता मी काय केलं ते नीट ऐका.

आपल्याकडे दारात अनोळखी पाहुणा आला की विचारतात, कुणाकडचे तुम्ही, कोणी पाठवलं? प्रत्येक वेबसाइटला मी तसंच विचारतो. ती मला एक प्रमाणपत्र दाखवते. त्यावर तिचं नाव असतं, मला ठाऊक असलेल्या कोणाची तरी सही असते आणि हे कधीपासून कधीपर्यंत चालेल त्या दोन तारखा असतात. हे सगळं जुळलं तरच मी दार उघडतो. त्या शाळेच्या साइटचं नाव जुळलं. सही ओळखीची होती. मुदत मात्र एप्रिलपर्यंत होती. आणि मी ऑगस्टात होतो.

मुदत संपून चार महिने झाले, असं मला दिसलं. मी दार लावलं. पांढऱ्या पानावर लाल त्रिकोण उभा केला आणि लिहिलं, तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही.

सुकन्याने पुन्हा दाबलं. पुन्हा लाल त्रिकोण. तिने मला बंद करून चालू केलं. तरी तोच त्रिकोण.

“आण हिकडं,” भिमाजीनाना म्हणाले. “हे असलं येतंच असतं. खाली ‘तरीही पुढे जा’ आसतंय, ते दाबायचं. मी रोज दाबतो.”

“नाना, मॅडमनी सांगितलंय, लाल आलं की दाबायचं न्हाई. आत माझा पासवर्ड टाकायचाय.”

“तुझ्या पासवर्डचं कोण काय लोणचं घालतंय?”

“दाब गं पोरी,” झुंबरबाई म्हणाल्या, “येळ जातीय.”

सुकन्याचं बोट त्या अक्षरांपर्यंत गेलं. तीन वाजून नऊ मिनिटं झाली होती. तिने बोट मागे घेतलं आणि आजीच्या बटणाच्या फोनवरून मॅडमना फोन लावला. मोनिका मॅडम तेव्हा श्रीरामपूरच्या स्टेशनवर होत्या, भावाला गाडीत बसवायला गेलेल्या. त्यांच्या आवाजामागे भोंगा वाजत होता.

“मॅडम, उघडत नाही,” सुकन्या म्हणाली आणि रडू लागली.

“रड नंतर, सुकन्या. आधी सांग, दुसरी एखादी साइट उघडते का?”

सुकन्याने दोन उघडून पाहिल्या. मी दोन्हींना तोच त्रिकोण दाखवला. माझ्या नजरेत सगळं जगच शिळं झालं होतं.

“बरं. आता भिमाजीनानांच्या मोबाईलवर आपली साइट उघड.”

नानांच्या मोबाईलवर ती लगेच उघडली. वर शाळेचं नाव, खाली एक ओळ, या उपकरणाची नोंद नाही.

“म्हणजे साइट चांगली आहे,” मॅडम म्हणाल्या, “नेटही चांगलं आहे, कारण नेट त्याच मोबाईलचं आहे. मग उरलं कोण?”

“टॅब,” सुकन्या हळूच म्हणाली.

हे ऐकून मला काय वाटलं ते मी कसं सांगू? मी तर तिच्यासाठीच दार अडवून उभा होतो.

“मॅडम,” भिमाजीनाना पुढे वाकून ओरडले, “त्या ‘तरीही पुढे जा’चं काय? मी तर रोज दाबतो!”

“नाना, तुमच्या मोबाईलकडे मी सोमवारी बघते. सुकन्या, त्रिकोणाच्या खाली बारीक करड्या अक्षरांत इंग्रजीत काहीतरी असेल. ते एकेक वाच.”

सुकन्या डोळे बारीक करून वाचू लागली. सुरुवातीची अक्षरं गाडीच्या भोंग्यात बुडाली. मग ती म्हणाली, “डी, ए, टी, ई.”

“डेट. तारीख! सुकन्या, टॅबवर आज तारीख काय आहे?”

“दिसत न्हाई मॅडम. वर काळं हाय.”

“मग सेटिंगमध्ये जा. तारीख आणि वेळ कुठे लिहिलंय ते शोध. माझ्यासमोर टॅब नाही, मला नक्की सांगता येणार नाही. शांतपणे शोध.”

सुकन्या शोधू लागली. एक यादी उघडली, दुसरी उघडली, चुकून आवाजाच्या पानावर गेली. तीन वाजून एकोणीस मिनिटं. बनुबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. त्यांनी झुंबरबाईंकडे पाहिलं. झुंबरबाईंनी शेळीकडे पाहिलं.

“दे हिकडं,” बनुबाई म्हणाल्या.

“आजी, तुला न्हाई कळायचं. थांब जरा.”

“दे म्हणते ना!”

त्यांनी मला घेतलं. चाकाचं चित्र, खाली घड्याळ, मग तारीख. डोळे मिटूनही त्यांना जमलं असतं. पडद्यावर ऑगस्टचं पान उघडलं.

सुकन्या आजीकडे बघतच राहिली. “तुला कसं येतं हे?”

“मीच केलंय हे, बाळा. रोज केलंय. त्या खेळातल्या रानासाठी.” बनुबाईंनी ते पान तिच्यापुढे धरलं. “मला काय ठाऊक, तारीक हालवली की शाळंचं दार लागतंय म्हणून? मला वाटलं, खेळातली तारीक ती खेळातलीच.”

“मीच शिकवलंय तिला,” झुंबरबाई एकदम म्हणाल्या. “शिव्या द्यायच्या तर मला दे.”

“आज्जी, किती पुढं नेलंस!” सुकन्याने कपाळाला हात लावला.

“काय झालं? सापडलं का?” मॅडम फोनवरून विचारत होत्या. “ऐका, खेळाचं नंतर बघू. आज अठरा जानेवारी. नेमकी तीच तारीख घाला. मग वेळ बघा.”

बनुबाई एक क्षण थांबल्या. त्या हिरव्या रानात त्यांनी तोवर चाळीस आंबे लावले होते, दोन विहिरी खणल्या होत्या, आणि सुनेच्या नावाचा एक गोठाही बांधला होता. मागे नेलं की ते सगळं रुसणार होतं.

“जळू दे ते रान,” त्या म्हणाल्या. आणि त्यांचं बोट उलट्या दिशेने फिरू लागलं.

जुलै. जून. मे. मित्रांनो, मला त्या क्षणी जसं वाटलं तसं पुन्हा कधी वाटलं नाही. न पडलेला पाऊस मागे सरला, न सोसलेला उन्हाळा मागे सरला. ज्या दिवसांत मी राहिलो होतो ते सगळे कोरेच होते, त्यांत कोणीच जगलं नव्हतं. एप्रिल. मार्च. फेब्रुवारी. मी खोल पाण्यातून वर येत होतो आणि वर अंगणातलं खरं ऊन दिसत होतं. अठरा जानेवारी. तीन वाजून चोवीस मिनिटं.

“आता साइट पुन्हा उघड,” मॅडम म्हणाल्या.

सुकन्याने दुवा दाबला. मी विचारलं, कुणाकडचे तुम्ही? साइटने प्रमाणपत्र पुढे केलं. नाव जुळलं, सही जुळली. मुदत? एप्रिलपर्यंत. आज जानेवारी. मी दार उघडलं.

“उघडलं!” सुकन्या किंचाळली. भिमाजीनानांच्या हातून मोबाईल पडता पडता राहिला. पलीकडे श्रीरामपुरात गाडी हलली असावी, कारण मॅडम भावाला “नीट जा रे” म्हणाल्या आणि लगेच सुकन्याला म्हणाल्या, “पासवर्ड टाक. सावकाश टाक. अजून पाच मिनिटं आहेत.”

तीन वाजून सत्तावीस मिनिटांनी सुकन्याचा पहिला प्रश्न पडद्यावर आला. चाचणी तासभर चालली. भिमाजीनानांनी मोबाईल या हातातून त्या हातात बदलत धरून ठेवला. बनुबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, नातीच्या बोटाकडे बघत होत्या.

निकाल मार्चच्या शेवटी आला. तो पाहायलाही मला घेतलं होतं. यादी लांब होती. सुकन्याचं नाव एकेचाळिसावं होतं आणि जागा पन्नास होत्या. आईवडील तेव्हा घरी आले होते. गोरक्षनाथांनी ती ओळ बोटाने तीनदा दाबून पाहिली, जणू ती पुसली तर जात नाही ना, हे बघायला.

यंदा दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक पुन्हा आला. गोधड्यांची गाठोडी चढली, भांडी चढली, पाण्याचं पिंप चढलं. ओमला सांभाळायला आता झुंबरबाईंची सून याच टोळीत आहे, ती आणि ओमची आई पाळीपाळीने बघणार आहेत. मुकादमाने माणसं मोजली आणि विचारलं, “पोरगी न्हाई का?”

“न्हाई,” गोरक्षनाथ म्हणाले. “ती साळंत हाय.” आणि ट्रक निघाला.

मी आता कोठीवर असतो. बॅटरी पहिल्यासारखी टिकत नाही. सुकन्याला तिथे दुसरा टॅब मिळाला आहे, चांगला आहे म्हणे. मला त्याचं वाईट वाटत नाही, म्हणजे फारसं नाही. मित्रांनो, तुमच्यासमोर कधी लाल त्रिकोण आला तर रागावू नका आणि डोळे मिटून पुढेही जाऊ नका. दुसरी साइट उघडून बघा, दुसऱ्या यंत्रावर बघा, खालची बारीक अक्षरं वाचा. आणि माझ्यासारख्या जुन्याला धक्के मारण्याआधी एवढं विचारा, की बाबा रे, तुझ्याकडे आज तारीख कोणती आहे? आम्ही खोटं बोलत नाही. आम्हाला जे सांगून ठेवलेलं असतं, ते खरं मानून आम्ही तुमचं दार राखत बसलेलो असतो.